विपुल म्हणजे कशाच्या मानाने?

‘विपुल’ हा शब्द आपण फार सैल हाताने वापरतो. विपुल पाऊस, विपुल पीक, विपुल लेखन. किती झाले म्हणजे विपुल म्हणायचे, हे सहसा कोणी विचारत नाही, आणि विचारले तर सांगताही येत नाही. दोन शास्त्रांनी मात्र या कल्पनेला काटेकोर माप दिले आहे. गणितात ‘विपुल संख्या’ असतात, आणि खगोलशास्त्रात व भूशास्त्रात ‘मूलद्रव्यांची विपुलता’ मोजली जाते. गणित शिकवण्याच्या वर्षांत एक प्रश्न माझ्या मनात पुन:पुन्हा येत राहिला. एकच शब्द दोन ठिकाणी बसला आहे, तो केवळ योगायोग म्हणायचा, की संख्यांच्या विपुलतेचा आणि निसर्गातल्या विपुलतेचा आतून काही संबंध आहे? निसर्गाने ज्या मूलद्रव्यांच्या पदरात भरभरून माप टाकले, त्यांचे क्रमांकही विपुल असतात का?

हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. मूलद्रव्यांची ओळखच मुळी एका पूर्ण संख्येने होते. अणुकेंद्रात एक प्रोटॉन असला की हायड्रोजन, सहा असले की कार्बन, सव्वीस असले की लोखंड. साडेसहा प्रोटॉनचे मूलद्रव्य असत नाही. म्हणजे निसर्गाची ही वही पूर्णांकांनीच लिहिलेली आहे, आणि म्हणून पूर्णांकांचे गुणधर्म तिच्यात उमटले असतील का, हे तपासून पाहायला हरकत नाही.

संख्येचा जमाखर्च

आधी संख्यांकडे पाहू. कोणतीही पूर्ण संख्या घ्या. तिला नि:शेष भागणाऱ्या, पण तिच्याहून लहान अशा सर्व संख्या लिहून काढा आणि त्यांची बेरीज करा. १० घेतली तर १, २ आणि ५ हे विभाजक मिळतात, बेरीज ८. ती १० पेक्षा कमी आहे, म्हणून १० ही ‘न्यून’ संख्या. ६ चे विभाजक १, २, ३. बेरीज बरोबर ६. ही ‘परिपूर्ण’ संख्या. १२ चे विभाजक १, २, ३, ४, ६, बेरीज १६. विभाजक मिळून मूळ संख्येच्याही पुढे गेले. अशी संख्या ती ‘विपुल’, आणि १२ ही सर्वांत लहान विपुल संख्या.

ही विभागणी जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीची आहे. आज जॉर्डनमध्ये असलेल्या गेरासा या गावचा निकोमॅकस याने आपल्या अंकगणितावरच्या ग्रंथात ती मांडली. त्याने संख्यांना नीतीची पट्टीही लावली. विपुल संख्या त्याला जास्तीचे अवयव फुटलेल्या विद्रूप प्राण्यासारख्या वाटत, न्यून संख्या एखादा अवयव नसलेल्या प्राण्यासारख्या, आणि परिपूर्ण संख्या दोन्ही टोके टाळणाऱ्या सद्गुणासारख्या. त्याला चार परिपूर्ण संख्या ठाऊक होत्या : ६, २८, ४९६ आणि ८१२८. सद्गुण दुर्मीळ असतात तशाच याही दुर्मीळ, असे त्याचे म्हणणे. दुर्मीळतेबाबत तो बरोबर होता. ऑक्टोबर २०२४ पर्यंत संगणकांच्या जाळ्याने शोध घेऊनही फक्त ५२ परिपूर्ण संख्या हाती लागल्या, आणि त्या सगळ्या सम आहेत. विषम परिपूर्ण संख्या असते का, हे कोडे अजून सुटलेले नाही.

विपुलतेचा खरा उलगडा मात्र बेरजेत नाही, अपूर्णांकांत आहे. १२ च्या प्रत्येक विभाजकाला १२ ने भागा. ६ म्हणजे बाराचा अर्धा, ४ म्हणजे तिसरा हिस्सा, ३ म्हणजे पाव, २ म्हणजे सहावा हिस्सा आणि १ म्हणजे बारावा. आता प्रश्न असा होतो की एका भाकरीचा अर्धा, तिसरा, चौथा, सहावा आणि बारावा हिस्सा एकत्र केला तर पूर्ण भाकरीपेक्षा जास्त होतो का? होतो, एक पूर्णांक एक-तृतीयांश भाकरी होते. ज्या संख्येचे असे ‘हिस्से’ मिळून एकाच्या पुढे जातात ती विपुल.

असे पाहिले की बऱ्याच गोष्टी आपोआप कळतात. ६ चे हिस्से अर्धा, तिसरा आणि सहावा. मिळून नेमके एक. ६ च्या कोणत्याही मोठ्या पटीत हे तिन्ही हिस्से असतातच, शिवाय काही ना काही वरकड असते. म्हणून १२, १८, २४, ३० अशी प्रत्येक सहावी संख्या विपुल. शंभरपर्यंत अशा १५ संख्या आहेत. त्यांखेरीज २०, ४०, ५६, ७०, ८०, ८८ आणि १०० या सात. एकूण २२.

या बावीसच्या बावीस संख्या सम आहेत, आणि त्याचेही कारण हिश्शांतच आहे. सम संख्येला ‘अर्धा’ हा सर्वांत मोठा हिस्सा जन्मत:च मिळालेला असतो. विषम संख्येला अर्धा नाही, पाव नाही, सहावा नाही. तिला तिसरा, पाचवा, सातवा, नववा असे लहान-लहान तुकडे जोडत एकापर्यंत पोचावे लागते. ही मजल मारणारी पहिली विषम संख्या थेट ९४५ आहे. तिच्या विभाजकांची बेरीज ९७५. म्हणजे वर फक्त ३० उरतात.

तर मग एकूण संख्यांपैकी विपुल किती? हॅरल्ड डेव्हनपोर्ट या गणितज्ञाने १९३३ साली सिद्ध केले की संख्यारेषेवर जसजसे पुढे जावे तसतसे विपुल संख्यांचे प्रमाण एका निश्चित आकड्यापाशी स्थिरावते. पुढच्या संशोधकांनी तो आकडा सुमारे २४.७६ टक्के असल्याचे दाखवले. ढोबळमानाने चारांत एक. हा ‘चारांत एक’ आपल्याला पुढे लागणार आहे.

बाजारातली विपुलता

निकोमॅकसला विपुल संख्या विद्रूप वाटल्या, पण जगातल्या व्यापाऱ्यांनी आणि ज्योतिषांनी त्यांनाच जवळ केले. आंबा डझनाने विकला जातो, कारण बारा आंब्यांची वाटणी दोघांत, तिघांत, चौघांत आणि सहांत फळ न कापता होते. सोनाराचा तोळा बारा माशांचा आणि मासा आठ गुंजांचा. म्हणजे तोळ्याच्या ९६ गुंजा, आणि ९६ च्या विभाजकांची बेरीज १५६. आपल्या जुन्या कालगणनेत अहोरात्राच्या ६० घटिका आणि घटिकेची ६० पळे. बाबिलोनी परंपरेतून आलेल्या तासाची मिनिटेही ६०. साठाच्या विभाजकांची बेरीज १०८ होते. वर्तुळाचे ३६० अंश तर विपुलतेचे आगरच, बेरीज ८१०.

जुना रुपया या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. रुपयाचे सोळा आणे. १६ चे विभाजक १, २, ४, ८, बेरीज १५. एकाने उणी! २, ४, ८, १६, ३२ अशा दोनाच्या सर्व घातांचे हेच होते, त्या नेहमी नेमक्या एकाने कमी पडतात. सोळा आण्यांचे अर्धे-पाव छान होतात, पण तिसरा हिस्सा करता येत नाही. म्हणून आण्याच्या पोटात बारा पया ठेवल्या होत्या. रुपयाच्या १९२ पया झाल्या आणि तीन भावांना प्रत्येकी पाच आणे चार पया बिनतक्रार देता येऊ लागल्या. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि रुपयाचे १०० पैसे झाले. १०० ही संख्याही विपुल आहे, बेरीज ११७; पण तिच्यात तिसरा हिस्सा नाही. दशमान पद्धतीत हिशेब सोपा झाला आणि तिघांतली वाटणी अवघड झाली. विपुलतेची जात वेगवेगळी असते, तिचा हा घरगुती दाखला.

ताऱ्यांचे कोठार

आता निसर्गाकडे वळू. इथे विपुलता म्हणजे प्रमाण : एखाद्या ठिकाणच्या एकूण द्रव्यात अमुक मूलद्रव्याचा वाटा किती. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्यातले रसायनज्ञ फ्रँक विगल्सवर्थ क्लार्क यांनी १८८९ मध्ये पृथ्वीच्या कवचाचा असा ताळेबंद प्रथम मांडला. आजच्या आकड्यांनुसार भूकवचाच्या वजनात सुमारे ४६ टक्के ऑक्सिजन, २८ टक्के सिलिकॉन, ८ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि ५ टक्क्यांच्या आसपास लोखंड आहे. त्यापाठोपाठ कॅल्शियम, सोडियम, मॅग्नेशियम आणि पोटॅशियम. ही आठ मूलद्रव्ये मिळून भूकवचाचे ९८ टक्के होतात. उरलेल्या सगळ्यांनी, तांबे-सोन्या-चांदीसकट, दोन टक्क्यांत भागवायचे.

विश्वाचा ताळेबंदही असाच असेल असे त्या काळी मानले जाई, आणि त्याला आधारही होता. सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात लोखंड, कॅल्शियम, सोडियम यांच्या ठळक रेषा दिसतात. तेव्हा सूर्य म्हणजे तापवलेली पृथ्वीच, असा समज होता. तो मोडला सेसिलिया पेन या पंचविशीतल्या संशोधक स्त्रीने. मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये मांडलेल्या समीकरणामुळे हे कळू लागले होते की वर्णपटातली रेषा ठळक असणे हे केवळ त्या मूलद्रव्याच्या प्रमाणावर अवलंबून नसते, ताऱ्याच्या तापमानावरही असते. सूर्याच्या तापमानाला कॅल्शियम मोठ्याने बोलतो आणि हायड्रोजन जवळजवळ गप्प राहतो. हा आवाजाचा फरक वजा करून पेन यांनी हार्वर्ड वेधशाळेत हिशेब केला, तेव्हा ताऱ्यांच्या वातावरणात हायड्रोजन इतर मूलद्रव्यांच्या मानाने जवळजवळ दहा लाख पट निघाला.

१९२५ सालच्या त्यांच्या प्रबंधात हा आकडा आहे, आणि तो बहुधा खरा नसावा असे एक वाक्यही आहे. त्या काळचे मोठे अधिकारी खगोलज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांनी हा निष्कर्ष अशक्य असल्याचे कळवले होते, म्हणून ते वाक्य घालावे लागले. चार वर्षांनी रसेल स्वत: वेगळ्या मार्गाने त्याच निष्कर्षावर आले. विश्वातली सर्वांत विपुल वस्तू कागदावर उतरली होती, पण तिच्यावर विश्वास ठेवायचे धैर्य कमी पडले. आज आपण जाणतो की विश्वातल्या साध्या द्रव्याचा वजनी तीन-चतुर्थांश भाग हायड्रोजन आहे, जवळजवळ एक-चतुर्थांश हेलियम, आणि बाकी सगळी मूलद्रव्ये मिळून फार तर दोन टक्के.

असे का, याचे उत्तर मिळायला आणखी तीस वर्षे गेली. विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांत हायड्रोजन आणि हेलियमची केंद्रे तयार झाली आणि गाडी तिथेच अडली. कारण पाच कणांचे किंवा आठ कणांचे अणुकेंद्र टिकत नाही, बनताच फुटते. जिन्याची पाचवी आणि आठवी पायरी गायब असावी तसे हे. ही फट ओलांडली ताऱ्यांच्या पोटात, जिथे हेलियमची तीन केंद्रे जवळजवळ एकाच वेळी भेटून कार्बन होऊ शकतो. हे घडायचे तर कार्बनच्या केंद्राला एका विशिष्ट ऊर्जेची अवस्था असलीच पाहिजे, असे फ्रेड हॉयल यांनी सांगितले. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या विल्यम फाउलर यांच्या प्रयोगशाळेत ती अवस्था खरोखर सापडली. मराठी वाचकाला हॉयल हे नाव परके नाही. जयंत नारळीकर केंब्रिजमध्ये त्यांचेच विद्यार्थी होते आणि पुढे सहकारीही. १९५७ मध्ये मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज, फाउलर आणि हॉयल या चौघांनी मिळून मूलद्रव्ये ताऱ्यांत कशी शिजतात याचा सविस्तर आराखडा प्रसिद्ध केला. आपल्याकडे रुपयाचे शंभर पैसे झाले त्याच वर्षी.

पडताळा

आता मूळ प्रश्न. ताऱ्यांच्या पोटात हेलियमच्या विटा एकावर एक चढत जातात, आणि हेलियमच्या केंद्रात चार कण असतात. त्यामुळे मोठ्या प्रमाणावर तयार होणाऱ्या केंद्रांचे वस्तुमानांक असे येतात : कार्बन १२, ऑक्सिजन १६, निऑन २०, मॅग्नेशियम २४, सिलिकॉन २८, गंधक ३२. आणि शेवटी निकेल ५६, ज्याचे रूपांतर काही महिन्यांत लोखंड ५६ मध्ये होते.

ही यादी पाहून गणिताच्या माणसाला मोह आवरणे कठीण जाते. १२, २०, २४ आणि ५६ विपुल. २८ तर परिपूर्ण. १६ आणि ३२ फक्त एकाने उण्या! निकोमॅकसने ही यादी पाहिली असती तर त्याने तिच्यावर एक नवा अध्याय रचला असता. मीही काही काळ या यादीकडे टक लावून पाहिले आहे. पण मोह पडतो तिथेच पडताळा घ्यावा. वस्तुमानांकांऐवजी मूलद्रव्याची खरी ओळख असलेला अणुक्रमांक घेतला तर काय दिसते?

आवर्तसारणीतल्या ११८ मूलद्रव्यांचे क्रमांक मी कागदावर मांडून एकेकाचे विभाजक तपासले. विपुल क्रमांक निघाले २७. म्हणजे सुमारे २३ टक्के. परिपूर्ण दोन, ६ आणि २८, म्हणजे कार्बन आणि निकेल. आता भूकवचातली ती आठ धनाढ्य मूलद्रव्ये घ्या. त्यांचे क्रमांक ८, १४, १३, २६, २०, ११, १२ आणि १९. यांत विपुल दोनच : कॅल्शियमचा २० आणि मॅग्नेशियमचा १२. आठांत दोन, चारांत एक. डोळे मिटून आठ चिठ्ठ्या उचलल्या असत्या तरी साधारण एवढ्याच विपुल निघाल्या असत्या. विश्वातली पहिली दहा मूलद्रव्ये घेतली – हायड्रोजन, हेलियम, ऑक्सिजन, कार्बन, निऑन, लोखंड, नायट्रोजन, सिलिकॉन, मॅग्नेशियम, गंधक – तर विपुल क्रमांकाचा मान एकट्या मॅग्नेशियमला मिळतो. विश्वावर राज्य करणाऱ्या हायड्रोजनचा क्रमांक १, त्याला स्वत:हून लहान विभाजकच नाही. गणिताच्या दरबारात याच्याइतका दरिद्री कोणी नाही.

मग ती मोहक यादी? तिचे रहस्य चार या आकड्यात आहे. हेलियमची वीट चार कणांची, म्हणून वस्तुमानांक चाराच्या पटीत येतात. आणि चाराच्या पटीतल्या संख्येला अर्धा आणि पाव हे दोन मोठे हिस्से आयतेच मिळतात. पाऊण भाकरी तिथेच झाली, पाव भाकरी उरली. अशा संख्या विपुल किंवा विपुलतेच्या जवळ असणे साहजिक आहे. म्हणजे तारा विपुल संख्या शोधत नाही, आणि विपुल संख्या ताऱ्याला मदत करत नाही. दोघेही चाराच्या दाराशी भेटतात इतकेच. दोन गोष्टी एकत्र दिसल्या की एकीमुळे दुसरी होते असे मानण्याची आपली सवय जुनी आहे. दोघींचे कारण तिसरेच असू शकते.

सम क्रमांकांचे भाग्य

तरीही निसर्गाच्या वहीत सम-विषमाचा एक खरा पंक्तिभेद आहे. इटलीचे ज्युसेप्पे ओडो यांनी १९१४ मध्ये आणि अमेरिकेचे विल्यम हार्किन्स यांनी १९१७ मध्ये दाखवून दिले की सम अणुक्रमांकाची मूलद्रव्ये शेजारच्या विषम क्रमांकाच्या मूलद्रव्यांहून अधिक प्रमाणात आढळतात. कार्बन (६) आणि ऑक्सिजन (८) यांच्यामध्ये बसलेला नायट्रोजन (७) दोघांहून कमी. मॅग्नेशियम (१२) आणि सिलिकॉन (१४) यांच्यामधले अ‍ॅल्युमिनियम (१३) विश्वात दोघांहून कमी. विश्वातल्या विपुलतेचा आलेख काढला तर तो करवतीच्या दात्यांसारखा वर-खाली होत जातो.

विपुल संख्याही बहुतेक सम, विपुल मूलद्रव्येही बहुतेक सम. आता तरी नाते जुळले का? नाही. संख्येला समपणाचा फायदा होतो तो ‘अर्धा’ हिस्सा मिळाल्यामुळे. अणुकेंद्राला फायदा होतो तो जोडीमुळे. केंद्रातले प्रोटॉन दोन-दोनांच्या जोड्यांनी राहिले की अधिक घट्ट बांधले जातात. विषम क्रमांकात एक जण एकटा उरतो आणि केंद्र तितके पक्के राहत नाही. एक वाटणीचा नियम, दुसरा जोडीचा. वाटणी आणि जोडी दोन्हींत दोन हा आकडा येतो म्हणून त्या एक होत नाहीत. शिवाय जोडीचा नियमही इतिहासापुढे नमतो. हायड्रोजनचा क्रमांक विषम असून तो सर्वांत पुढे, कारण तो आरंभापासूनच आहे. आणि बेरिलियमचा क्रमांक चार, सम, तरी तो अतिशय विरळ, कारण जिन्याच्या त्या गायब पायऱ्या त्याच्याच आसपास आहेत.

अणुकेंद्रांनाही त्यांच्या आवडत्या संख्या आहेत. मारिया गोपर्ट मायर आणि हान्स येन्सन यांनी १९४९ मध्ये ज्यांचे कारण शोधले, आणि ज्यासाठी १९६३ चा नोबेल पुरस्कार मिळवला, त्या ‘जादुई’ संख्या अशा : २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६. इतके प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन असले की केंद्र विशेष स्थिर होते. यांना निकोमॅकसची पट्टी लावून पाहा. २, ८, ५०, ८२ न्यून, २० आणि १२६ विपुल, २८ परिपूर्ण. तिन्ही जाती एकाच पंगतीत. निसर्गाचे गणित आहे, पण ते विभाजकांचे गणित नाही.

असणे आणि मिळणे

मग या सगळ्या खटाटोपातून हाती काय लागले? माझ्या मते, एक फरक लागला आणि तो मोलाचा आहे. संख्येची विपुलता तिच्या अंगची असते. बारा ही गेरासात विपुल होती, पुण्यात विपुल आहे आणि चंद्रावरही विपुल राहील. मूलद्रव्याची विपुलता मात्र पत्त्यावर अवलंबून असते. कुठे मोजले, हे सांगितल्याशिवाय तिला अर्थच नाही.

हेलियमचेच पाहा. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया भारतावरून गेली. फ्रेंच खगोलज्ञ पियरे जान्सेन यांनी गुंटूरहून सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. दोन महिन्यांनी, २० ऑक्टोबरला, नॉर्मन लॉकियर यांनी इंग्लंडमधून, ग्रहण नसतानाही, त्या ज्वाळांचा वर्णपट मिळवला, आणि त्यातली पिवळी रेषा सोडियमची नसून एका नव्याच मूलद्रव्याची असल्याचे पुढे मांडले. आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि लॉकियर यांनी तिथूनच हेलियम शोधला असे सांगतात. छायेचा पट्टा त्या किनाऱ्यावरून गेला होता हे खरे, पण लॉकियर यांचे निरीक्षण इंग्लंडमधले आहे. काहीही असो, सूर्यात ज्याची रास आहे ते मूलद्रव्य पृथ्वीवर सापडायला १८९५ साल उजाडले, तेही विल्यम रॅमसे यांना युरेनियमच्या खनिजात कोंडलेले. विश्वात दुसऱ्या क्रमांकाचे विपुल द्रव्य आपल्या हवेत दहा लाख भागांत जेमतेम पाच भाग आहे. ते हलके आहे, कोणाशी संयोग करत नाही, म्हणून पृथ्वीला धरून ठेवता आले नाही.

दुसरा फरक असण्याचा आणि मिळण्याचा. अ‍ॅल्युमिनियम भूकवचातला सर्वांत विपुल धातू. सह्याद्रीचा काळा पाषाण झिजून, त्यातली वाळूची मूलद्रव्ये पावसाने धुऊन नेऊन, कोकणात जो लाल जांभा उरतो त्यात लोखंडाबरोबर अ‍ॅल्युमिनियमच असते. कोल्हापूरच्या पठारांवरचे बॉक्साइट ही त्याचीच पुढची पायरी. तरी १८८४ मध्ये वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर बसवायला अ‍ॅल्युमिनियमचा छोटा पिरॅमिड निवडला गेला तेव्हा त्याचा भाव चांदीच्या बरोबरीचा होता. पायाखाली डोंगर होते, पण ऑक्सिजनची मिठी सोडवण्याची स्वस्त रीत नव्हती. ती १८८६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांना स्वतंत्रपणे सापडली, आणि राजवाड्यातला धातू आपल्या चहाच्या टपरीवरच्या पातेल्यात उतरला. उलट बाजूने, ‘दुर्मीळ मृदा’ म्हणवणारी मूलद्रव्ये नावाइतकी दुर्मीळ नाहीतच. त्यांतले सेरियम भूकवचात साधारण तांब्याइतके आहे. ती एका जागी साठलेली सापडत नाहीत आणि एकमेकांपासून वेगळी करणे जिकिरीचे असते, म्हणून त्यांच्यासाठी देशादेशांत ओढाताण चालते.

सर्वांत बोचरे उदाहरण नत्राचे. आपल्या डोक्यावरच्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, आणि त्याच हवेत उभी असलेली ज्वारी नत्रावाचून पिवळी पडते. नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने जखडलेले असतात. तो बंध पिकाला तोडता येत नाही. तूर-हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू तो तोडतात. म्हणून जुना शेतकरी हरभऱ्याचा बेवड मोलाचा मानत असे. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये तो बंध प्रयोगशाळेत तोडून अमोनिया बनवला, १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊला कारखाना निघाला, आणि आज शेतकरी रांगेत उभा राहून युरियाची गोणी घेतो, ती याच तोडणीची किंमत मोजून. नत्र फुकट आहे, पण त्याची सुट्टी करून घ्यायला पैसे पडतात.

आणि सुट्टीचा विषय निघालाच आहे, तर गणितातही अशी एक संख्या आहे. ७० चे विभाजक १, २, ५, ७, १०, १४, ३५; बेरीज ७४, म्हणजे ७० विपुल. आता ही सात नाणी खिशात आहेत असे समजा आणि नेमके ७० रुपये देऊन पाहा. चार रुपये मागे ठेवायला हवेत. पण १ आणि २ मिळून तीनच होतात आणि त्यापुढचे नाणे पाचाचे. कसेही मांडा, ७० जमत नाहीत. बाराला ही अडचण नाही. २, ४ आणि ६ मिळून बारा होतात. ज्यांना आपल्या विपुल खिशातून आपलीच किंमत चुकवता येत नाही अशा संख्यांना गणितज्ञ ‘विचित्र’ म्हणतात, आणि ७० ही त्यांतली सर्वांत लहान.

संख्यांची विपुलता आणि निसर्गाची विपुलता यांच्यात कारणाचे नाते मला सापडले नाही. पण सत्तरच्या त्या सात नाण्यांत आणि ज्वारीच्या पिवळ्या पानात एक साम्य आहे : एकूण बेरीज भरपूर, आणि गरजेला मात्र हात रिकामा. जमिनीत पाणी भरपूर आहे, समुद्रात खनिजे भरपूर आहेत, आकाशात ऊन भरपूर आहे, असे कोणी सांगितले की ते खोटे आहे असे मी म्हणत नाही. मी फक्त तीन गोष्टी विचारतो. भरपूर म्हणजे कशाच्या मानाने? कुठे मोजून? आणि त्यातले सुटे करून हाती पडणारे किती? पहिल्याचे उत्तर गणित देते, दुसऱ्याचे भूगोल आणि खगोल. तिसऱ्याचे उत्तर दर वेळी माणसालाच शोधावे लागते, आणि ते शोधेपर्यंत विपुलतेच्या राशीवर बसूनही टंचाई सोसावी लागते.